रंगकामाची 'जादुई' यंत्रं घ्यायची का? आधी भिंत बघा, मग खिसा

दिवाळी तोंडावर आली की मोबाईलवर एक व्हिडिओ हमखास दिसतो. रोलरच्या दांडीत रंग ओतला, भिंतीवरून दोनदा फिरवला आणि खोली झाली नवी! खाली लिहिलेलं असतं, 'आजच मागवा, पैसे घरी आल्यावर द्या'. सणाच्या दिवसांत गावात पेंटर लवकर मिळत नाही, मजुरीही परवडत नाही. त्यामुळे मोह होतोच. ही यंत्रं खरंच कामाची आहेत का, ते समजून घेऊ.

मेहनत नेमकी कुठे लागते?

रंगकामात खरा वेळ जातो तो भिंत तयार करण्यात. जुने पोपडे खरवडायचे, भेगा भरायच्या, पुट्टी लावून पॉलिश पेपरने घासायचं, धूळ पुसायची, मग प्रायमर. एवढं झालं की रंगाचे दोन हात मारणं त्या मानाने सोपं. जाहिरातीतली बहुतेक यंत्रं हेच सोपं काम आणखी सोपं करू म्हणतात. व्हिडिओतली भिंत आधीच गुळगुळीत असते, आपली तशी नसते.

दहा बाय दहाची, दहा फूट उंचीची खोली धरा. चार भिंतींचे ४०० चौरस फूट होतात. दार-खिडक्या वजा केल्या तर साधारण ३५० उरतात. एवढ्याला नऊ इंची साधा रोलर पुरतो.

कोणतं यंत्र कसं?

रंग पोटात भरायचा रोलर : सारखं ट्रेमध्ये बुडवावं लागत नाही, हे खरं. पण भरल्यावर तो जड होतो आणि छताजवळ हात भरून येतो. झाकण सैल असेल तर रंग गळतो. नीट धुतला नाही तर आतला रंग वाळून पुढच्या वेळी तो निकामी होतो.

स्प्रे गन : लोखंडी ग्रील, जाळी, खुर्च्या यांना चांगली. भिंतीसाठी मात्र लहान घरगुती गनमध्ये रंग बराच पातळ करावा लागतो. डब्यावर दिलेल्या प्रमाणापेक्षा जास्त पाणी घातलं की रंग झाकत नाही आणि हात वाढतात. कण उडतात म्हणून फरशी, पंखा, स्विचबोर्ड सगळं झाकावं लागतं, तोंडाला मास्कही हवा. मध्येच लाईट गेली तर काम अडतं ते वेगळंच.

कोपऱ्याचं पॅड : सपाट भिंतीवर रेघ सरळ येते. खडबडीत गिलाव्यावर किंवा पत्र्याच्या घरात फारसा उपयोग नाही. दोन इंची ब्रश आणि मास्किंग टेप बरी.

डिझाइनचा रबरी रोलर : हौस म्हणून एका भिंतीपुरता ठीक. आधी पुठ्ठ्यावर सराव करा, नाहीतर नक्षीचे जोड जुळत नाहीत.

रोलरची लांब दांडी : ही मात्र घ्याच. टेबलावर स्टूल ठेवून चढण्याची वेळ येत नाही.

ओलीवर यंत्राचा उपाय नाही

छत गळत असेल किंवा जमिनीतून ओल चढत असेल, तर आधी ती थांबवा. तोवर कोणताही रंग पापुद्रे धरणारच. नवा गिलावा किमान चार आठवडे मुरू द्या आणि पूर्ण वाळल्यावरच रंग लावा. मातीच्या भिंतींना प्लास्टिक पेंटपेक्षा चुना बरा, कारण तो भिंतीतली ओल बाहेर जाऊ देतो.

घासणी मशीनबाबत सावध

ड्रिलला लावायच्या घासणीने जुना ऑइलपेंट कोरडा घासू नका. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमपेक्षा जास्त नसावं, हा नियम देशात नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. त्याआधीच्या रंगात ते जास्त असू शकतं. ही धूळ पोटात गेली तर लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो. म्हणून पाण्याचा पॉलिश पेपर वापरून ओलं करूनच घासा. मुलं आणि गरोदर बाईला त्या खोलीपासून लांब ठेवा. नंतर झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसून घ्या.

मागवायचंच असेल तर

विक्रेत्याचं नाव, पत्ता आणि माल परत करण्याची अट आधी वाचा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार ही माहिती ग्राहकाला मिळायलाच हवी. पार्सल उघडताना मोबाईलवर व्हिडिओ काढून ठेवा. फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५ वर तक्रार करता येते.

थोडक्यात, एक चांगला रोलर, दोन ब्रश, पत्रा, पॉलिश पेपर आणि लांब दांडी एवढ्यात घर रंगवून होतं. तालुक्याच्या हार्डवेअर दुकानात हे सगळं हातात घेऊन, बघून घेता येतं. यंत्राचे वाचलेले पैसे पुट्टी आणि प्रायमरवर घाला, रंग जास्त दिवस टिकेल.