हाडाचा कॅन्सर : रिपोर्टमधल्या खुणा काय सांगतात?

बावडा (ता. इंदापूर) : पोरगं खेळताना पडलं, गुडघा दुखतोय, म्हणून घरात तेल-मालिश होते. मग कुणीतरी हाडवैद्याकडे नेतं. बहुतेक वेळा दुखणं साधंच असतं. पण ते दोन-तीन आठवड्यांत थांबलं नाही, रात्री झोप मोडू लागली, गुडघ्याजवळ सूज दिसली, तर मालिश बंद करा आणि एक्स-रे काढा.

मुलांमध्ये हाडाचा कॅन्सर दुर्मीळ आहे. त्यात ऑस्टिओसार्कोमा सर्वांत जास्त आढळतो. तो बहुधा 10 ते 20 या वयात, गुडघ्याजवळ होतो. दुसरा प्रकार इविंग सार्कोमा.

निदान झालं की अम्मी-अब्बूंचा पहिला सवाल असतो, "डॉक्टरसाहेब, लेकरू बरं होईल ना?" याचा अंदाज घ्यायला डॉक्टर काही खुणा बघतात. त्यांना मार्कर म्हणतात.

रक्तातलं अल्कलाइन फॉस्फटेज आणि एलडीएच खूप वाढलेलं असेल, तर आजाराचा जोर जास्त असू शकतो. मात्र वाढत्या वयात अल्कलाइन फॉस्फटेज मुळातच जास्त असतं. त्यामुळे एकटा आकडा पाहून घाबरू नका.

इविंगच्या सुमारे 85 टक्के रुग्णांत गाठीच्या पेशींमध्ये 11 आणि 22 नंबरच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल झालेले दिसतात. यावरून आजार पक्का ओळखता येतो. हा बदल आई-वडिलांकडून आलेला नसतो, म्हणून घरात कुणी कुणाला दोष देऊ नये.

ऑस्टिओसार्कोमात ऑपरेशनआधी केमो देतात. नंतर काढलेल्या गाठीतल्या 90 टक्के किंवा जास्त पेशी मेलेल्या आढळल्या, तर ती चांगली खूण.

सगळ्यांत मोठा फरक पडतो तो आजार फुप्फुसात पोचलाय की नाही यावर. पसरलेला नसेल आणि केमो व ऑपरेशन पूर्ण झालं, तर दहापैकी सहा-सात मुलं पाच वर्षांनंतरही हयात असतात. पसरल्यावर हा आकडा दोन-तीनवर येतो. रक्तातली खूण आपल्या हातात नाही. लवकर पोचणं आहे.

संशय आला तर गाठीचा तुकडा कुठेही काढू देऊ नका. जिथे ऑपरेशन होणार, तिथेच बायोप्सी करावी. चुकीच्या जागी छेद गेला, तर पाय वाचवणं अवघड होतं. मुंबईत परळला 1941 पासून टाटा मेमोरियल हॉस्पिटल आहे. खर्चासाठी महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करा. रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा.

दुआ जरूर करा, पण तपासणीची तारीख चुकवू नका.