परतीच्या फेरीचाही हिशेब ठेवा



माल बाजारात पोचला की हिशेब संपला, असे आपण धरून चालतो. पण गाडीला परत यायचे असते, रिकामे क्रेटही यायचे असतात. त्याचा खर्च आपल्याच पट्टीतून जातो.

सहकारी दूध संघांची रीत पाहा. आणंदचा संघ 1946 साली स्थापन झाला, तेव्हापासून ही रीत गावोगाव पसरली. दूधगाडी ठरल्या वेळी, ठरल्या वाटेने भरलेले कॅन नेते आणि रिकामे कॅन परत आणते. त्यासाठी वेगळी फेरी नाही.

टोमॅटोचेही तसेच. समजा, टेम्पोचे जाऊन-येऊन भाडे 3,000 रुपये आहे. एकट्याचे 60 क्रेट असतील तर क्रेटमागे 50 रुपये पडतात. शेजाऱ्यांनी मिळून 100 भरले तर 30. परतताना पेंडीची पोती आणली, तर त्यांचे वेगळे भाडे वाचते. खत-औषधे मात्र क्रेटमध्ये कधीही भरू नका.

क्रेटवर रंगाने नाव घाला. किती गेले, किती आले, हे वहीत मांडा. धुऊन, वाळवूनच पुन्हा भरा. जुना कुजका रस नवा माल नासवतो.

घरात ज्याचे अक्षर चांगले, त्याच्याकडे आजच वही द्या.