चार दिवसांची सहल आणि मुक्कामाचें गांव

सुट्टी चार दिवसांची असते आणि पाहावयाच्या स्थळांची यादी चौदांची! शहरांतील बहुतेक कुटुंबांच्या सहलीला आरंभ असाच होतो. कोणी रांधा धबधब्याचें नांव घेतो, कोणाला कळसूबाईचें शिखर गांठावयाचें असतें, आजीबाईंना अमृतेश्वराचें दर्शन हवें असतें आणि मुलांना पाण्याच्या कांठीं तंबूंत राहण्याची हौस असते. कोठें कोठें जावयाचें ह्याचा खल रात्रीं उशिरापर्यंत चालतो. उतरावयाचें कोठें, हा प्रश्न मात्र निघण्याच्या आदल्या दिवशीं, मिळेल ती खोली पत्करून, कसाबसा निकालांत काढला जातो. मग चारांपैकीं दोन दिवस मोटारींत जातात, वडील माणसें थकतात, मुलें कंटाळतात, आणि ज्यासाठीं एवढा खटाटोप केला तें स्थळ संध्याकाळच्या अंधारांत ओझरतें पाहून परतावें लागतें.

अहिल्यानगर जिल्ह्याच्या, म्हणजे २०२४ पर्यंत ज्याला अहमदनगर जिल्हा म्हणत त्याच्या, पश्चिम टोकाचा अकोले तालुका घेतला तर मुक्कामाचें गांव कसें निवडावें हें चांगलें उमगतें. जिल्ह्याचे पूर्वेकडील तालुके पावसाची वाट पाहणारे. हा तालुका सह्याद्रीच्या माथ्याशीं टेकलेला आणि पावसानें न्हाऊन निघणारा. पुणें, नाशिक, मुंबई आणि खुद्द नगर शहर ह्या चारहि दिशांनीं लोक येथें येतात आणि प्रत्येकाला मुक्कामाचें गांव निराळें सुचतें.

प्रथम ह्या मुलखाची ठेवण ध्यानांत घ्यावी. रतनगडाच्या कुशींत प्रवरा नदी उगम पावते आणि पूर्वेकडे वाहूं लागते. शेंडी गांवाजवळ तिला अडवून भंडारदऱ्याचें धरण बांधलेलें आहे. तें १९२६ सालीं पुरें झालें आणि मुंबई इलाख्याचे तेव्हांचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन ह्यांचें नांव त्याला देण्यांत आलें. त्याची उंची सुमारें ८२ मीटर असून जलाशयांत सुमारें ११ अब्ज घनफूट पाणी मावतें. संगमनेर, श्रीरामपूर, राहुरी ह्या भागांतील बागायत ह्याच पाण्यावर उभी राहिली. जलाशयाच्या एका टोकाला धरण व शेंडी, तर दुसऱ्या टोकाला रतनवाडी आणि तेथील अमृतेश्वराचें प्राचीन, कोरीव मंदिर. पाण्याच्या भोंवतालून सुमारें ४० किलोमीटरांचा रस्ता फिरतो. त्याच्या वाटेवर घाटघरचा कोंकणांत तुटलेला कडा आणि साम्रदची सांदण दरी लागते. उत्तरेला बारी गांव आणि त्याच्या डोक्यावर १,६४६ मीटर उंचीचें कळसूबाई, महाराष्ट्रांतील सर्वांत उंच शिखर. पूर्वेला दहाएक किलोमीटरांवर रांधा धबधबा, त्यापुढें राजूर, मग अकोले आणि शेवटीं संगमनेर.

हा नकाशा डोळ्यांपुढें आणला कीं मुक्कामाचें गांव निवडण्याच्या चार कसोट्या आपोआप सुचतात. पहिली, अंतर किलोमीटरांत न मोजतां वेळांत मोजावें. घाटांतील अरुंद रस्त्यावर, विशेषतः धुक्यांत, वीस किलोमीटरांना तासभर सहज लागतो. दुसरी, दिवस मावळण्यापूर्वीं परत पोहोंचतां आलें पाहिजे. तिसरी, जेवण आणि औषधपाणी फार दूर नसावें. चौथी कसोटी सर्वांत महत्त्वाची आणि नेमकी तीच विसरली जाते : जो माणूस एखाद्या दिवशीं मागें राहील, त्यालाहि दिवस आनंदानें घालवितां आला पाहिजे.

ह्या कसोट्यांवर संगमनेर घासून पाहावें. शहर मोठें, पुणें-नाशिक हमरस्त्यावरचें, राहण्याजेवण्याची सोय उत्तम. परंतु तेथून शेंडी साठ किलोमीटरांहून अधिक दूर. रोज जाऊन येऊन तीन-चार तास प्रवासांतच जावयाचे. पुण्याहून उशिरा निघालेल्यांनीं पहिल्या रात्रीपुरतें तेथें उतरावें, एवढाच त्याचा उपयोग. अकोले प्रवरेच्या कांठीं आहे. तेथील सिद्धेश्वराचें शिल्पसमृद्ध मंदिर आणि अगस्तींचा आश्रम अवश्य पाहावा, पण जातां जातां. मुंबईकरांना आगगाडीच्या सोयीमुळें इगतपुरीचा मोह पडतो; तेथूनहि शेंडीला पोहोंचण्यास तास-सवातास लागतो, म्हणजे रोजचे अडीच तास गेलेच.

राजूरची गोष्ट वेगळी. गांव मोठें, बाजारपेठ भरलेली, आणि तेथील पेढे तर नांवाजलेले. ज्यांच्याजवळ स्वतःची मोटार नाहीं, ज्यांना एस्. टी.च्या गाडीनें हिंडावयाचें आहे, त्यांना राजूर सोयीचें पडतें. उणीव एवढीच कीं खोलीच्या खिडकींतून पाणी दिसत नाहीं. मागें राहणाऱ्यानें दिवसभर करावें काय? रतनवाडी ह्याच्या अगदीं उलट. समोर जलाशय, मागें रतनगड, मधोमध मंदिर. याहून रम्य जागा तालुक्यांत विरळा. परंतु औषधाच्या एका गोळीसाठींहि मोठा फेरा पडतो. गड चढूं इच्छिणाऱ्या तरुणांनीं तेथें खुशाल राहावें. सोबत म्हातारें माणूस किंवा तान्हें मूल असेल तर एक दिवस पाहून परतावें.

राहतां राहिलें शेंडी. दिसण्यांत तें रतनवाडीची बरोबरी करणार नाहीं आणि सुट्टीच्या दिवशीं तेथें गर्दीहि उसळते. तरीपण कळसूबाई, रांधा आणि जलाशयाचा फेरा ह्या तिन्ही वाटा तेथूनच फुटतात. गुडघे दुखणाऱ्या माणसालाहि धरणापर्यंत रमतगमत जातां येतें आणि संध्याकाळचें पाणी पाहत बसतां येतें. मिश्र वयाच्या कुटुंबाला तीन रात्रींसाठीं याहून योग्य ठिकाण नाहीं. पहिल्या संध्याकाळीं धरण पाहावें. दुसऱ्या दिवशीं सर्वांनीं मिळून जलाशयाला फेरा घालावा. तिसऱ्या दिवशीं धडधाकट मंडळींनीं पहांटेच बारीला जाऊन लोखंडी शिड्यांच्या वाटेनें कळसूबाई चढावी आणि बाकीच्यांनीं विसावा घ्यावा. चौथ्या दिवशीं परततांना रांधा पाहून राजूरचे पेढे घ्यावे.

ह्या बेतांत हरिश्चंद्रगड नाहीं, हें अनेकांना खटकेल. पण पाचनई, म्हणजे ह्या तालुक्यांतून गडावर चढण्याचें गांव, राजूरच्या दक्षिणेला डोंगरांत दूर आहे. गडाची चढण, केदारेश्वराची पाण्यांतील पिंड, कोंकणकडा ह्या सर्वांना मिळून एक सबंध दिवस आणि पाचनईचा निराळा मुक्काम हवा. तो ह्याच चार दिवसांत कोंबला तर दोन्ही बाजूंनीं नुकसान. यादींतील एखादें नांव खोडणें हेंच मुक्काम ठरविण्यांतील अवघड काम होय.

ऋतु बदलला कीं उत्तरहि थोडें बदलतें. मेअखेरीस व जूनच्या आरंभीं काजव्यांनीं झाडें लखलखतात. तेव्हां खरी सहल रात्रींची असते. अशा वेळीं घाटघर किंवा रतनवाडीच्या बाजूस राहिलें तर रात्रीं घाटांतून मोटार हांकावी लागत नाहीं आणि दिव्यांच्या झोतानें काजव्यांनाहि त्रास होत नाहीं. हा प्रदेश १९८६ पासून अभयारण्य आहे, हेंहि विसरूं नये. रांध्याचें पाणी वीजनिर्मितीकडे वळविलेलें असल्यामुळें पावसाळा सरल्यावर धबधबा बहुधा रोडावतो. तेव्हां धरणांतून आवर्तन सुटलें आहे कीं नाहीं याची आधीं चौकशी करावी.

परदेशांतहि जाणते प्रवासी ह्याच हिशेबानें चालतात. इटलीच्या लिगुरिया किनाऱ्यावर चिंक्वे तेर्रे नांवाचीं पांच चिमुकलीं गांवें कड्यांना बिलगून वसलेलीं आहेत. मोटारीला तेथें जागा नाहीं. पण आगगाडी कांहीं मिनिटांत एका गांवाहून दुसऱ्या गांवीं नेते. म्हणून पुष्कळ लोक त्या पांचांत न राहतां टोकाच्या ला स्पेत्सिया किंवा लेवांतो ह्या सोयीच्या गांवांत उतरतात. तेथें आगगाडी असल्यामुळें टोकाला राहणें परवडतें. अकोल्याच्या डोंगरांत ती नसल्यामुळें आंत, पाण्याजवळ राहावें लागतें. निर्णय उलटे, पण कसोटी एकच : जाण्यायेण्याचें साधन कोणतें आणि त्याला वेळ किती?

मुक्काम ठरला कीं गांवांतील घरीं एक दिवस अगोदर निरोप द्यावा. महादेव कोळी व ठाकर कुटुंबांच्या ओसरीवर नागलीची भाकरी आणि गरम पिठलें मिळतें, आणि पैसाहि त्याच गांवांत राहतो. मात्र हें सर्व ठरवितांना आजीबाईंनाहि जवळ बसवून विचारावें. कळसूबाईच्या दिवशीं मागें राहावयाचें आहे तें त्यांनाच.