परवावर ढकलणारं क्रियापद

शिंप्याने 'उद्या या' म्हटलं की आपण चरफडतो. 'परवा या' म्हटलं की निमूट घरी जातो. उद्या ही टाळाटाळ वाटते, परवा ही मुदत वाटते. हा नेमका परवा पकडणारं एक क्रियापद इंग्रजीत होतं: पेरेन्डिनेट. अर्थ, काम परवावर ढकलणं.

त्याचा भाऊ प्रोक्रॅस्टिनेट आपल्या ओळखीचा. त्याच्या पोटात लॅटिन 'क्रास' आहे, म्हणजे उद्या. पेरेन्डिनेटच्या पोटात 'पेरेन्दिए', म्हणजे परवा. त्यातला 'दिए' म्हणजे दिवस, संस्कृत 'दिव्'चा नातलग. सतराव्या शतकात इंग्रजीत लॅटिन शब्दांची आवक जोरात होती, त्यात हाही आला. भाऊ बोलण्यात रुळला, हा कोशात पडून राहिला. मला त्याची हळहळ वाटते, कारण मूळ लॅटिनमध्ये या परवाला मोठं वजन होतं.

रोममध्ये सुभेदारांनी प्रजेकडून उकळलेल्या पैशांचे खटले दोन सुनावण्यांत चालत आणि मध्ये एक दिवस मोकळा ठेवत. या रीतीचं नाव 'कोम्पेरेन्दिनातिओ'. त्यातही हाच परवा. इ.स.पू. 70 मध्ये सिसिली लुटणाऱ्या सुभेदार वेरेसवर वकील आणि वक्ता सिसेरोने असाच खटला चालवला. वेरेसचा वकील होर्तेन्सियुस पुढच्या वर्षी कॉन्सुल, म्हणजे रोमचा सर्वोच्च अधिकारी, होणार होता, म्हणून खटला तोवर रेटायचा, हा बचावाचा डाव. सिसेरोने लांबलचक भाषणाला फाटा दिला, थोडक्यात बोलून थेट साक्षीदार उभे केले. वेरेसने ओळखलं, आता सुटका नाही. तो रोम सोडून मासिलियाला, आजच्या मार्सेयला, निघून गेला. दुसऱ्या सुनावणीची सिसेरोची भाषणं कोर्टात झालीच नाहीत, ती नंतर लेखी प्रसिद्ध झाली.

एकाच खटल्यात दोन्ही दिसतात: न्याय बुडावा म्हणून लांबवलेली तारीख, आणि कायद्यानेच राखलेला मधला दिवस. इंग्रजीत येईपर्यंत त्यातलं नुसतं ढकलणं उरलं.

आज इंग्रजीला परवा म्हणायला तीन-चार शब्द जोडावे लागतात. 'ओव्हरमॉरो' हा जुना शब्दही वापरातून गेला. आपला परवा संस्कृत 'परश्वस्'चा, उद्याच्या पलीकडचा. मराठीत तो मागेही चालतो आणि पुढेही. 'परवा आलो' की 'परवा येईन', ते क्रियापद सांगतं. आजी तर सणाला किती दिवस उरले ते बोटांवर मोजायची: आज, उद्या, परवा, तेरवा.