बिलिंगचा कॉम्प्युटर लॉक झालाय? पैसे देण्याआधी हे वाचा

तळोजा : एमआयडीसीतला छोटा कारखाना असो की गावातलं हार्डवेअरचं दुकान, हिशेब आता सॉफ्टवेअरमध्येच असतो. पासवर्ड विसरला की सिस्टीम लॉक, आणि उघडून द्यायला विक्रेता पैसे मागतो. ते द्यायचे का?

आधी करार बघा. मदतीचं शुल्क त्यात लिहिलं असेल तर द्यावं लागतं. पण पक्कं बिल घ्या. मात्र ठरलेले पैसे भरूनही कोणी मुद्दाम लॉक लावून जादा रक्कम मागत असेल, तर माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चं कलम ४३ लागू होऊ शकतं. हक्काच्या माणसाला कॉम्प्युटर वापरू न देणं त्यात येतं. पोटापाण्यासाठी स्वतः दुकान चालवणाऱ्याला ग्राहक हेल्पलाइन १९१५ वरही तक्रार करता येते.

एक लक्षात ठेवा. टॅलीचा ‘व्हॉल्ट’ पासवर्ड विसरला, तर खुद्द कंपनीलाही तो परत काढून देता येत नाही. म्हणून मुख्य पासवर्ड विक्रेत्याकडे किंवा अकाउंटंटकडे सोडू नका, मालकाच्या वहीत लिहून ठेवा. दर आठवड्याला पेनड्राइव्हवर बॅकअपही घ्या.