नजर आणि अंदाज

क्रिकेटच्या आकडेवारीच्या कोणत्याही पुस्तकात मन्सूर अली खान पतौडी यांच्या नावापुढे एक ओळ असते : ४६ कसोटी सामने, २,७९३ धावा, ६ शतके, सरासरी ३४.९१. ही ओळ वाचून कोणीही थांबत नाही. यापेक्षा कितीतरी मोठे आकडे नावावर असलेले भारतीय फलंदाज तुम्हांला ठाऊक आहेत. मग या खेळाडूचे नाव जाणकार लोक इतक्या आदराने का घेतात?

याचे कारण त्या ओळीत लिहिलेले नाही. या सर्व धावा त्यांनी एका डोळ्याने काढल्या होत्या. कसोटी क्रिकेटमधला त्यांचा पहिला चेंडू आणि शेवटचा चेंडू, दोन्ही त्यांनी एकाच डोळ्याने पाहिले. हे कसे घडले, आणि असे खेळणे किती अवघड असते, हे आपण या पाठात समजून घेऊ.

मन्सूर अली खान यांचा जन्म ५ जानेवारी १९४१ रोजी भोपाळ येथे झाला. त्यांचे वडील इफ्तिखार अली खान हे पतौडी संस्थानचे नवाब आणि नामवंत क्रिकेटपटू होते. १९३२ साली सिडनी येथे इंग्लंडकडून खेळताना त्यांनी पहिल्याच कसोटीत शतक काढले. पुढे १९४६ साली इंग्लंडच्या दौऱ्यावर त्यांनी भारताचे नेतृत्व केले. भारत आणि इंग्लंड अशा दोन्ही देशांकडून कसोटी सामने खेळलेला दुसरा खेळाडू नाही. मन्सूर यांना घरात लहानपणापासून 'टायगर' म्हणत. हेच नाव पुढे मैदानावरही रूढ झाले.

५ जानेवारी १९५२ रोजी मन्सूर अकरा वर्षांचे झाले. त्याच दिवशी दिल्लीत पोलो खेळताना त्यांच्या वडिलांचे निधन झाले. वडिलांकडून फलंदाजीचे धडे घ्यायचे वय होते आणि नेमके तेव्हाच वडील गेले.

अलिगढ आणि डेहराडून येथे शिक्षण झाल्यावर मन्सूर यांना इंग्लंडला पाठवण्यात आले. तेथे विंचेस्टर या प्रसिद्ध शाळेत त्यांनी १९५९ च्या एका हंगामात हजाराहून अधिक धावा काढून शाळेचा चाळीस वर्षांचा जुना विक्रम मोडला. त्याआधी, वयाच्या सोळाव्या वर्षीच, ते ससेक्स परगण्याच्या संघातून खेळले होते. नंतर ऑक्सफर्ड विद्यापीठात त्यांनी अरबी आणि फ्रेंच या भाषांचा अभ्यास केला आणि विद्यापीठाच्या क्रिकेट संघाचे कर्णधारपदही मिळवले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. १९६१ च्या उन्हाळ्यात त्यांच्या बॅटमधून धावांचा पाऊस पडत होता. हा मुलगा जगातल्या पहिल्या प्रतीच्या फलंदाजांत जाऊन बसणार, असे लोक बोलू लागले होते.

आणि १ जुलै १९६१ चा दिवस उजाडला. होव्ह या गावी सामना सुरू होता. दिवसाचा खेळ संपल्यावर सारे जेवायला गेले. परतताना काही जण पायी निघाले, तर मन्सूर एका मित्राच्या मोटारीत बसले. अंतर अगदी थोडे होते. पण वाटेत दुसरी मोटार आडवी आली. टक्कर झाली. समोरची काच फुटली आणि काचेची एक कपची मन्सूर यांच्या उजव्या डोळ्यात घुसली. शस्त्रक्रिया झाली, पण त्या डोळ्याची दृष्टी जवळजवळ गेली. तेव्हा ते वीस वर्षांचे होते.

एक डोळा गेला म्हणजे नेमके काय जाते? तुम्ही म्हणाल, निम्मे दिसेनासे होते. तसे नाही. एक सोपा प्रयोग करून पाहा. दोन हातांत दोन पेन्सिली आडव्या धरा. त्यांची टोके एकमेकांकडे असू द्या. आता एक डोळा मिटा आणि दोन्ही टोके एकमेकांना टेकवण्याचा प्रयत्न करा. पेन्सिली तुम्हांला स्पष्ट दिसतात, तरीही टोके चुकतात. एक पुढे जाते, दुसरे मागे राहते. मग दोन्ही डोळे उघडून तेच करा. टोके सहज जुळतात.

असे का होते? आपल्या दोन डोळ्यांमध्ये सुमारे सहा सेंटिमीटर अंतर असते. त्यामुळे एकाच वस्तूची दोन थोडी वेगवेगळी चित्रे मेंदूकडे जातात. मेंदू ती एकत्र करतो, आणि दोन चित्रांतल्या फरकावरून वस्तू किती दूर आहे ते ओळखतो. एकच डोळा असला की चित्रही एकच मिळते. वस्तू दिसते, पण तिचे अंतर पटकन कळत नाही. अपघातानंतर मन्सूर पेल्यात पाणी ओतायला जात, तेव्हा ते पेल्याबाहेर टेबलावर पडे.

येथे एका शब्दाची गंमत सांगण्यासारखी आहे. 'नजर' आणि 'अंदाज' हे दोन शब्द मराठीत आहेत आणि आपल्या उर्दूतही आहेत. 'नजर' या शब्दाचा अर्थ दोन्हीकडे जवळजवळ सारखाच आहे. 'अंदाज' मात्र बदलला आहे. उर्दूत अंदाज म्हणजे ढब, शैली. अटकळ सांगायची असेल तर आपण उर्दूत 'अंदाज़ा' म्हणतो. मराठीत मात्र अंदाज म्हणजेच अटकळ. पतौडींच्या बाबतीत असे म्हणता येईल की अपघाताने त्यांच्याकडून मराठीतला अंदाज हिरावून घेतला, पण उर्दूतला अंदाज त्यांच्याजवळच राहिला.

आता फलंदाजाचा विचार करा. खेळपट्टीची लांबी बावीस यार्ड, म्हणजे सुमारे वीस मीटर असते. वेगवान गोलंदाजाचा चेंडू हे अंतर जवळपास अर्ध्या सेकंदात कापतो. तेवढ्या वेळात चेंडू कुठे टप्पा घेणार हे ओळखायचे, पाय पुढे टाकायचा की मागे हे ठरवायचे आणि बॅट फिरवायची. ज्याला पेल्याचे अंतर कळत नाही, त्याने हे कसे करावे? मन्सूर यांना पुन्हा कसोटी क्रिकेट खेळता येईल, असे फारसे कोणाला वाटत नव्हते.

पण त्यांनी बॅट खाली ठेवली नाही. थोड्याच आठवड्यांत ते सरावाला लागले. गेलेला डोळा परत येणार नाही, हे त्यांनी मान्य केले आणि उरलेल्या डोळ्याला नव्याने शिकवायला सुरुवात केली. उभे राहण्याची पद्धत थोडी बदलून ते गोलंदाजाकडे अधिक तोंड करून उभे राहू लागले. चेंडू जवळ येतो तसा तो मोठा दिसू लागतो. एका डोळ्यालाही हे कळते. असे बारीकसारीक संकेत वाचायची सवय मेंदूला लावावी लागते, आणि ती केवळ सरावानेच लागते.

त्याच वर्षी इंग्लंडचा संघ भारतात आला. हैदराबादच्या सामन्यात मन्सूर यांनी उजव्या डोळ्यात काँटॅक्ट लेन्स घालून फलंदाजी केली. पण झाले भलतेच. त्यांना एकाऐवजी दोन चेंडू दिसू लागले. दोन्हींत काही इंचांचे अंतर! त्यांतला आतल्या बाजूचा चेंडू खरा मानून ते चहापानापर्यंत खेळत राहिले. मग त्यांनी लेन्स काढून टाकली, उजवा डोळा मिटून घेतला आणि ७० धावांपर्यंत मजल मारली. पुढे ते पुष्कळदा टोपी उजव्या डोळ्यावर ओढून खेळत. पाहणाऱ्यांना ती नवाबी ऐट वाटे. खरे तर दुसरा, खोटा चेंडू दिसू नये म्हणून केलेली ती सोय होती.

अपघाताला सहा महिने व्हायच्या आत, डिसेंबर १९६१ मध्ये, दिल्ली येथे ते पहिला कसोटी सामना खेळले. त्याच मालिकेत मद्रास, म्हणजे आजच्या चेन्नई येथे त्यांनी १०३ धावा काढल्या. ती मालिका भारताने २-० अशी जिंकली. इंग्लंडविरुद्ध मालिका जिंकण्याची भारताची ती पहिलीच वेळ होती.

यानंतर दोनच महिन्यांनी त्यांच्यावर मोठी जबाबदारी आली. मार्च १९६२ मध्ये वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर बार्बाडोसविरुद्धच्या सामन्यात चार्ली ग्रिफिथ यांचा चेंडू भारताचे कर्णधार नरी काँट्रॅक्टर यांच्या डोक्याला लागला. त्यांचा जीव धोक्यात आला. वेस्ट इंडीजचे कर्णधार फ्रँक वॉरेल यांनी स्वतःचे रक्त देऊन माणुसकीचे दर्शन घडवले. काँट्रॅक्टर वाचले, पण पुन्हा कसोटी खेळू शकले नाहीत. पॉली उम्रीगर, विजय मांजरेकर यांच्यासारखे ज्येष्ठ खेळाडू संघात असताना उपकर्णधार पतौडी यांना कर्णधार व्हावे लागले. त्यांचे वय होते २१ वर्षे ७७ दिवस. त्या वेळी ते जगातील सर्वांत लहान वयाचे कसोटी कर्णधार ठरले. हा विक्रम ४२ वर्षे, म्हणजे २००४ पर्यंत टिकला.

ती मालिका भारताने ५-० अशी गमावली. पण पतौडींनी त्या पराभवातून एक गोष्ट हेरली. भारताकडे वेगवान गोलंदाज नव्हते. जे आपल्याकडे नाही त्याबद्दल हळहळत बसण्यापेक्षा जे आहे त्यालाच धार लावावी, असे त्यांनी ठरवले. भारताकडे फिरकी होती. प्रसन्ना, बेदी, चंद्रशेखर आणि वेंकटराघवन या चौघांना त्यांच्या कारकिर्दीत बळ मिळाले. १९६७ साली बर्मिंगहॅमच्या सामन्यात तर हे चौघेही एकाच संघात खेळले. त्यांतले चंद्रशेखर पतौडींच्याच नेतृत्वाखाली १९६४ साली मुंबईत पहिला कसोटी सामना खेळले होते. लहानपणी झालेल्या पोलिओमुळे त्यांचा उजवा हात बारीक झाला होता, आणि त्याच हाताने ते फलंदाजांची दाणादाण उडवत. एका डोळ्याच्या कर्णधाराने अधू हाताच्या गोलंदाजावर विश्वास टाकला, ही लहान गोष्ट नाही.

पतौडींनी आणखी एक बदल घडवला. त्या काळी खेळाडूंच्या मनात मुंबई, दिल्ली, मद्रास असे गट असत. तुम्ही तुमच्या प्रांतासाठी नव्हे, भारतासाठी खेळता, ही जाणीव पतौडींनी आम्हांला दिली, असे त्यांचे सहकारी सांगत. कव्हरच्या जागी ते स्वतः इतके चपळ क्षेत्ररक्षण करीत की इतरांना आळस करायला तोंडच उरत नसे.

या काळातील त्यांचे काही डाव आवर्जून लक्षात ठेवावेत असे आहेत. फेब्रुवारी १९६४ मध्ये दिल्ली येथे इंग्लंडविरुद्ध त्यांनी नाबाद २०३ धावा केल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मुंबईच्या ब्रेबोर्न मैदानावर ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्यांनी ८६ आणि ५३ धावा काढल्या, आणि पुण्याचे चंदू बोर्डे यांनी नाबाद ३० धावा करून दोन गडी राखून विजय मिळवून दिला. १९६७ साली लीड्स येथे इंग्लंडच्या ५५० धावांपुढे भारताचा पहिला डाव १६४ धावांत आटोपला. पतौडींनी त्यात ६४ धावा केल्या होत्या. फॉलोऑन मिळाल्यावर त्यांनी १४८ धावा काढल्या आणि संघाने ५१० धावांचा डोंगर रचला. भारत सामना हरला, पण मान ताठ ठेवून हरला. त्याच वर्षाच्या अखेरीस मेलबर्न येथे मांडीचा स्नायू दुखावलेला असताना ते खेळले. भारताचे पाच फलंदाज अवघ्या २५ धावांत बाद झाले होते. तरीही त्यांनी दोन डावांत ७५ आणि ८५ धावा केल्या. एक डोळा आणि जवळजवळ एकच पाय!

लगेच पुढे, १९६८ च्या सुरुवातीला, न्यूझीलंडच्या दौऱ्यात या कष्टाचे फळ मिळाले. ड्युनेडिन येथे भारताने परदेशातला पहिला कसोटी विजय मिळवला आणि मालिका ३-१ अशी जिंकली. परदेशात मालिका जिंकण्याची ही भारताची पहिलीच वेळ. याच मालिकेत वेलिंग्टन येथे मुंबईच्या अजित वाडेकरांनी १४३ धावांची खेळी केली.

पण यशाचे दिवस कायम राहत नाहीत. जानेवारी १९७१ मध्ये निवड समितीत मतांची बरोबरी झाली, तेव्हा अध्यक्ष विजय मर्चंट यांनी आपले निर्णायक मत वाडेकरांच्या बाजूने दिले आणि पतौडींचे कर्णधारपद गेले. त्याच वर्षी संस्थानिकांचे तनखे आणि पदव्याही सरकारने रद्द केल्या. नवाब पतौडी आता नुसते मन्सूर अली खान झाले. एखाद्याने रागाने क्रिकेटच सोडले असते. ते मात्र १९७२-७३ च्या हंगामात वाडेकरांच्या संघात एक साधा खेळाडू म्हणून परत आले आणि मद्रासला त्यांनी ७३ धावांची उपयुक्त खेळी केली. पूर्वी वाडेकर त्यांच्या हाताखाली खेळत, आता ते वाडेकरांच्या हाताखाली खेळले. नेतृत्व करणाऱ्याला आज्ञा पाळताही आली पाहिजे, हे त्यांनी कृतीने दाखवले.

१९७४-७५ मध्ये ते वेस्ट इंडीजविरुद्ध पुन्हा कर्णधार झाले. कलकत्त्याला अँडी रॉबर्ट्स यांचा चेंडू हनुवटीवर लागून त्यांना मैदान सोडावे लागले, तरी ते परत येऊन खेळले. दोन सामने हरल्यावर भारताने पुढचे दोन जिंकले आणि मालिका बरोबरीत आणली. मुंबईच्या नव्या वानखेडे मैदानावर शेवटचा सामना मात्र भारत हरला. हाच पतौडींचा अखेरचा कसोटी सामना.

त्यांनी ४० कसोटींत भारताचे नेतृत्व केले. त्यांतले ९ जिंकले, १९ हरले आणि १२ अनिर्णित राहिले. केवळ जय-पराजयाचा हिशेब केला, तर हे आकडे फार मोठे नाहीत. परंतु हिशेब करताना सुरुवात कोठून झाली हेही पाहावे लागते. जो संघ परदेशात कधीच जिंकला नव्हता, तो त्यांच्या काळात जिंकायला शिकला. जो खेळाडू पेल्यात पाणी ओतू शकत नव्हता, त्याने कसोटीत द्विशतक काढले.

दोन डोळे शाबूत असते तर मन्सूर अली खान किती धावा काढू शकले असते? हा प्रश्न लोक नेहमी विचारतात. त्याचे उत्तर कोणालाच देता येणार नाही. स्वतः पतौडी मात्र या प्रश्नात अडकून पडले नाहीत. जे गेले त्याचा हिशेब मांडत बसण्यापेक्षा जे उरले त्याचा उपयोग कसा करावा, एवढाच विचार त्यांनी केला.

२२ सप्टेंबर २०११ रोजी दिल्ली येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे मृत्यूनंतर नेत्रदान करण्यात आले. नजरेची किंमत काय असते, हे ज्याला वयाच्या विसाव्या वर्षी कळले होते, त्याने जाताना आपली नजर दुसऱ्याच्या स्वाधीन केली.