फोर बाय फोर गाडीचा सीव्ही जॉइंट घरीच बदलायचा? आधी हा हिशोब करा!



जंगल सफारी, कृषी पर्यटन, डोंगरातली मालवाहतूक यांपैकी काहीही करायचं ठरवलं, की पहिलं भांडवल म्हणजे फोर बाय फोर गाडी. ती उभी राहिली की गल्लाही थांबतो. म्हणून आज बोलूया सीव्ही जॉइंटवर.

हा जॉइंट करतो काय?

पुढचं चाक वळतं आणि वर-खालीही होतं. तरीही इंजिनची ताकद त्याच्यापर्यंत एकसारख्या वेगाने पोहोचली पाहिजे. ते काम हा जॉइंट करतो. आत पोलादी गोळ्या आणि ग्रीस, वर रबरी बूट. बूट फाटला की ग्रीस बाहेर, चिखल-माती आत. मग जॉइंट झिजायला वेळ लागत नाही.

लक्षणं ओळखा

- स्टिअरिंग पूर्ण वळवून अॅक्सिलरेटर दिला की टक-टक आवाज: बहुधा चाकाकडचा जॉइंट.
- सरळ जाताना वेग घेतला की थरथर: आतल्या जॉइंटवर संशय घ्या.
- रिमच्या आतल्या बाजूला ग्रीसचे शिंतोडे: बूट फाटलाय.

बूट नुकताच फाटला असेल आणि आवाज नसेल, तर साफ करून, नवं ग्रीस भरून बूट बदलला तरी भागतं. खर्च वाचतो तो इथेच! आवाज तपासायचा तर मोकळ्या मातीवर, फोर व्हील टाकून, हळू. डांबरी रस्त्यावर पार्ट-टाइम फोर व्हील टाकून गाडी गोल फिरवू नका, सगळ्या यंत्रणेवर ताण येतो.

आधी गाडी बघा

२०१० साली आलेल्या महिंद्रा थार सीआरडीईसारख्या गाडीत पुढचा ड्राइव्ह शाफ्ट उघडा दिसतो. मारुती जिप्सीत पुढे अखंड अॅक्सल असतो आणि जॉइंट नकलच्या आत बंद. ते काम वेगळं आणि जास्त किचकट. खालची पद्धत पहिल्या प्रकारासाठी आहे.

कामाचा क्रम

१. सपाट जागा, हँडब्रेक, मागच्या चाकांना लाकडी ठोकळे. चाक जमिनीवर असतानाच हब नट सैल करा.
२. जॅकने उचला, पण स्टँडवर ठेवा. फक्त जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालू नका.
३. चाक काढा. ब्रेक कॅलिपर तारेने बांधून ठेवा, होजवर लोंबकळू देऊ नका.
४. टाय रॉड आणि बॉल जॉइंट मॅन्युअलप्रमाणे सोडवा. टॉर्शन बार किंवा स्प्रिंगमध्ये प्रचंड ताण असतो. तो कसा उतरवायचा हे समजल्याशिवाय इथे हात लावू नका.
५. शाफ्ट बाहेर काढा. गिअर ऑइल सांडेल, खाली ट्रे ठेवा.
६. जुना-नवा शाफ्ट शेजारी ठेवून लांबी आणि दाते मोजा. मगच बसवा.
७. ऑइल सील आणि हब नट नवे घ्या. मॅन्युअलमधल्या आकड्याप्रमाणे टॉर्क रेंचने आवळा. अंदाजे नाही!
८. ऑइलची पातळी भरा, हळू चालवून बघा, नट पुन्हा तपासा.

आता धंद्याचा हिशोब

"घरी केलं म्हणजे फुकट" हा गैरसमज काढून टाका. कागदावर दोन रकाने करा. एकीकडे गॅरेजची मजुरी. दुसरीकडे टॉर्क रेंच, स्टँड, पुलर यांचा खर्च आणि गाडी उभी राहील त्या दिवसांची बुडालेली कमाई. पहिल्यांदा पूर्ण दिवस जाईल असंच धरा. एकच गाडी असेल आणि काम एकदाच करायचं असेल, तर गॅरेज परवडू शकतं. दोन-तीन गाड्या असतील, तर अवजारांचा खर्च हळूहळू वसूल होतो.

एक गोष्ट मात्र पक्की: गाडीत प्रवासी बसणार असतील, तर पहिलं काम जाणत्या मेकॅनिकला दाखवल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नका. वाचवलेली मजुरी माणसाच्या जिवापेक्षा मोठी नाही.

आणि आजपासून एक सवय लावा. दर आठवड्याला पाच मिनिटं वाकून चारही बूट बघा आणि वहीत तारीख लिहा. सीझनमध्ये गाडी उभी राहण्यापेक्षा ही पाच मिनिटं कितीतरी स्वस्त आहेत.

तुमच्या गाडीचे बूट शेवटचे कधी पाहिले होते? आजच बघा, मगच उद्याचं बुकिंग घ्या!